फुकुओकाचे यताई: रोज रात्री भरलेले, तरी दरवर्षी कमी होत गेलेले

जपानमध्ये रात्री रस्त्यावर बसून खायचं म्हटलं की बहुतेक जण टोकियो-ओसाकाचं नाव घेतात, पण या विषयात खरं शिकायचं असेल तर फुकुओका बघा. क्युशू बेटावरचं सगळ्यात मोठं शहर, आणि इथे संध्याकाळ झाली की फुटपाथवर चाकांच्या टपऱ्या उभ्या राहतात, त्यांना यताई म्हणतात. आज तेनजिन, नाकासु आणि नागाहामा या तीन भागांत मिळून साधारण 100 यताई आहेत. बाकी जपानात एकाच शहरात एवढे यताई कुठेच उरलेले नाहीत.

मला ही केस महत्त्वाची वाटते ती एका कारणासाठी. फुकुओकाचे यताई गिऱ्हाईक नाही म्हणून संपत चालले नव्हते. रोज रात्री बाक भरलेले, थंडीत बाहेर लोक उभे, आणि तरीही 1960 च्या दशकात 400 च्या वर असलेले यताई 2011-12 पर्यंत 150 च्या आसपास आले होते. चालता धंदा असा का आटतो, तर त्याचा परवानाच माणसाबरोबर मरत होता म्हणून. ते कसं झालं, मग महापालिकेने काय केलं, आणि त्यात कोणाला फटका बसला, हे सगळं इथे मांडतोय.

आधी यताई म्हणजे नक्की काय ते नीट बघू, कारण पुढचा सगळा वाद तिथूनच सुरू होतो. जागा जास्तीत जास्त 3 मीटर बाय 2.5 मीटर. दिवसा तिथे काहीच नसतं, नुसता फुटपाथ, लोक ऑफिसला जातायत, सायकली जातायत. यताई तेव्हा कुठल्यातरी पार्किंगमध्ये घडी घालून ठेवलेला असतो. संध्याकाळी तो ओढत आणतात, काही मालक स्वतः आणतात, काही जण त्यासाठी माणूस लावतात, त्याला हिकिया म्हणतात आणि यताई आणून पोचवायचे, पहाटे परत न्यायचे हेच त्याचं काम. गाडी जागेवर आली की छप्पर उघडायचं, कडेच्या फळ्या खाली पाडायच्या म्हणजे त्याचाच ओटा होतो, पाण्याची जोडणी, गॅस, दिवे, बाक, आणि शेवटी कापडी पडदा टांगायचा. धंद्याची वेळ संध्याकाळी 5 ते पहाटे 4. त्यानंतर सगळं पुन्हा घडी, जागा धुऊन काढायची आणि सकाळी चालणाऱ्याला तिथे काही होतं हे कळताही कामा नये.

आत आठ-दहा माणसं बसतात, खांद्याला खांदा लावून, तीन बाजूंनी, आणि मध्ये ताइशो. मालकाला सगळे ताइशोच म्हणतात, पहिल्यांदा आलेला माणूसही. एवढ्या जागेत शेजारच्याशी न बोलता बसणं जमतच नाही, त्याची प्लेट तुमच्या कोपराला लागलेली असते, मग तोच सांगतो की हे मागवून बघा. ओदेन म्हणजे रश्शात शिजवलेले मुळा-अंड्यासारखे तुकडे, याकितोरी म्हणजे काडीला लावून भाजलेलं चिकन, एका घासाचे ग्योझा म्हणजे मोमोसारखे डम्पलिंग, मेंताइको म्हणजे माशाची तिखट अंडी घालून केलेलं ऑम्लेट, आणि रामेन म्हणजे सुपातल्या नूडल्स. तेनजिनच्या एका यताईने तव्यावर परतलेलं याकी-रामेन काढलं आणि ते आता शहरभर मिळतं. एक गोष्ट मात्र मिळत नाही, कच्चा मासा. शहर समुद्रकाठचं, माशांचा मोठा बाजार जवळ, तरीही यताईवर साशिमी नाही, कारण नियम आहे की कच्चं काही वाढायचं नाही, वाढायच्या आधी प्रत्येक पदार्थाला आच लागलीच पाहिजे. हा नियम मला एकदम योग्य वाटतो, नऊ-दहा फूट जागेत, मर्यादित पाण्यात, उन्हाळ्याच्या रात्री कच्चा मासा कापणं म्हणजे एक दिवस कोणीतरी आजारी पडणार आणि त्याचं खापर सगळ्याच यताईंवर फुटणार.

रामेनबद्दल थोडं जास्त लिहितो कारण या टपऱ्यांचं आणि त्या रामेनचं नातं नुसतं चवीचं नाहीये. डुकराच्या हाडांचं तोनकोत्सु सूप याच प्रांतातलं, कुरुमे गावात 1937 मध्ये एका यताईवर ते सुरू झालं असं धरतात. म्हणजे ज्या रामेनसाठी आज जगभर दुकानं उघडतात त्याची सुरुवातच टपरीवर झाली. पुढे नागाहामाला, मासळी बाजाराशेजारी, त्याला आजचं रूप आलं. बाजारातल्या माणसाकडे वेळ नाही, लिलाव चालू आहे, त्याला पाच मिनिटांत खाऊन परत जायचंय, म्हणून नूडल्स अगदी बारीक आणि सरळ, उकळत्या पाण्यात मिनिटभरही लागत नाही. पण बारीक नूडल्स गरम सुपात लवकर मऊ पडतात, एकदम मोठा वाटा दिला तर शेवटचे घास लगदा होणार. त्यावर उपाय म्हणजे काएदामा, पहिला वाटा छोटा, तो संपला की सूप वाटीत तसंच ठेवायचं आणि "काएदामा" म्हणून हाक मारायची, ताइशो नुसत्या नूडल्सचा दुसरा गोळा उकळून, जाळी दोनदा झटकून पाणी काढून थेट तुमच्या वाटीत टाकतो. किती कडक हव्यात तेही आधीच सांगायचं, काता म्हणजे कडक, बारिकाता म्हणजे अजून कडक. आठ-दहा बाकांच्या टपरीला हे रामेन नेमकं परवडतं, माणूस पटकन खातो, पोटभर खातो आणि उठतो.

आता इतिहास. 19 जून 1945 ला फुकुओकावर बॉम्बहल्ला झाला, हाकाताचा, म्हणजे शहराच्या जुन्या बंदराकडच्या भागाचा, मोठा भाग जळून गेला. युद्ध संपल्यावर कोरिया, मांचुरिया, चीनमधून परत येणारे जपानी लोक हाकाता बंदरात उतरायला लागले, सुमारे 14 लाख माणसं या एका बंदरातून आली. घर नाही, नोकरी नाही, दुकान घ्यायला पैसा नाही, मग गाडी लावून काहीतरी शिजवून विकणं एवढंच हातात होतं. अमेरिकन ताब्याच्या काळात 1949-50 च्या सुमारास यताई हटवायचे प्रयत्न झाले, तेव्हा फुकुओकाच्या यताईवाल्यांनी 1950 मध्ये संघटना बांधली, अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि परवानगी घेऊन चालवायची वाट मोकळी करून घेतली. बाकीच्या शहरांत यताई नंतर हळूहळू हटवले गेले, इथे टिकले, ते बरंचसं या संघटनेमुळे.

पण टिकले म्हणजे सगळं आलबेल होतं असं नाही, आणि रहिवाशांच्या तक्रारी खोट्या होत्या असंही मी म्हणणार नाही. सांडपाणी गटारात, म्हणजे पावसाचं पाणी जायच्या गटारात, तेल आणि उरलेलं सूप त्यातच. डुकराच्या हाडांचं सूप रोज रात्री गटारात गेलं की उन्हाळ्यात तिथे काय वास सुटत असेल ते सांगायला नको. यताईला संडास नसतो, तर गिऱ्हाईक बोळात उभं राहणार. बाक ठरल्या जागेच्या बाहेर, मग आई मुलाची गाडी घेऊन रस्त्यावरून चालते. काही ठिकाणी दराचा बोर्ड नाही, नवख्या माणसाला बिल आल्यावर कळायचं. आणि यातला कुठलाच प्रश्न एका यताईचा नसायचा, एकाने घाण केली की नाव सगळ्यांचं खराब.

मग 1994-95 च्या सुमारास पोलिसांनी भूमिका घेतली की नवीन यताईला परवानगी नाही, आणि जे आहेत ते चालवणाऱ्याच्या हयातीपुरते. महापालिकेने 2000 मध्ये नियमावली काढली तिच्यातही तेच आलं, पुढे चालवायचं तर नवरा-बायको किंवा सख्खं मूल, आणि तेही त्याच धंद्यावर पोट असेल तरच. 30 वर्षं शेजारी उभा राहून सूप ढवळणाऱ्या पोऱ्याला, भाच्याला, सुनेला हक्क नाही.

या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा माझ्या मते हाच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. बंदी आणली असती तर आरडाओरडा झाला असता, पेपरात आलं असतं, संघटना रस्त्यावर उतरली असती. इथे कोणाची टपरी उचलली नाही. फक्त दार बंद केलं आणि म्हातारपणाला त्याचं काम करू दिलं. ताइशोचं वय 60, 65, 70, रात्रभर उभं राहायचं, थंडीत पाण्यात हात, पावसात धंदा बुडाला, वादळात तर लावताच येत नाही. मुलं शिकून नोकरीला लागलेली, त्यांना रात्रीचं हे काम नकोय आणि त्यात त्यांची काही चूक नाही. म्हणजे दरवर्षी काही जण थकून थांबणार आणि त्या जागी कोणीच येणार नाही. बोर्डावर कुठेही "बंद करा" असं न लिहिता एक अख्खा धंदा संपवता येतो, तो असा.

आणि याच नियमाने दुसरी एक भानगड जन्माला घातली. परवाना एकाच्या नावावर, चालवतो दुसराच. म्हाताऱ्या ताइशोला महिन्याला काही रक्कम मिळते, चालवणाऱ्याला धंदा मिळतो, कागदावर सगळं जुनंच. नियम मोडलाच, त्यात वाद नाही. पण नव्या माणसाला आत यायला एकही सरळ रस्ता ठेवला नाही तर माणसं आडमार्गाने येणार हेही तितकंच खरं.

2010 च्या शेवटी ताकाशिमा सोइचिरो महापौर झाले, वय 36, आधी टीव्हीवर निवेदक. 2011 मध्ये महापालिकेने यताई आणि शहर एकत्र कसे नांदतील यावर एक अभ्यासगट बसवला, त्याच्या शिफारशी 2012 मध्ये आल्या, आणि 2013 मध्ये फुकुओका शहराचा यताई मूलभूत अध्यादेश मंजूर झाला, सप्टेंबर 2013 पासून लागू. यताईसाठी असा वेगळा स्थानिक कायदा करणारं जपानमधलं हे पहिलं शहर.

कायद्यात काय आहे त्यापेक्षा कायद्याने यताईकडे कसं बघितलं ते आधी बघा. त्याआधीचा कारभार असा होता की यताई ही एक अडचण आहे, सहन करायची, हळूहळू संपेल. नव्या कायद्याने लिहून टाकलं की यताईमुळे शहरात वर्दळ राहते, लोक एकमेकांना भेटतात, शहराला त्याचा उपयोग आहे, म्हणून ते नियमात बसवून टिकवायचे. हे एकदा लिहिलं की मग अधिकाऱ्याला प्रश्न वेगळा पडतो, कसे कमी करायचे हा नाही, कसे नीट चालवायचे हा. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या जोडण्या, जागा आखून देणं, फुटपाथवर चालायला किती जागा सुटली पाहिजे, दराचा बोर्ड, वेळ, साफसफाई, हे सगळं त्यातूनच आलं. आणि नियम मोडला तर कारवाई, परवाना जाण्यापर्यंत.

सगळ्यात कडक अट म्हणजे ज्याच्या नावावर परवाना त्यानेच स्वतः उभं राहून यताई चालवायचा. आपल्याकडच्या 2014 च्या पथविक्रेता कायद्यातही जवळपास हेच आहे, विक्रेत्याने स्वतः किंवा घरच्यांनी धंदा करायचा, प्रमाणपत्र भाड्याने द्यायचं नाही, आणि तो गेला तर जोडीदार किंवा अवलंबून असलेलं मूल. दोन वेगळ्या देशांत, वर्षभराच्या अंतराने, भीती एकच होती की फुटपाथची जागा गुंतवणुकीची वस्तू होईल, पाच परवाने एकाच्या खिशात आणि राबणारा रोजंदारीवर. ती भीती मला पटते.

पण अंमलबजावणी सुरू झाल्यावर फुकुओकात ज्यांचा परवाना दुसऱ्याच्या नावावर निघाला असे वीसेक यताई अडचणीत आले. त्यांना काही काळ मुदत दिली आणि सांगितलं की पुढे चालवायचं असेल तर नव्या भरतीत अर्ज करा. यातली काही टपऱ्या शहरात नावाजलेल्या, रोजचे लोक ठरलेले, आणि ज्याने इतकी वर्षं ती चालवली त्यालाच आता नवख्याच्या रांगेत उभं राहायचं. काही जण निवडीत बसले नाहीत आणि ते यताई गेले. मी कायद्याच्या बाजूचा आहे, तरी इथे महापालिका चुकली असं मला ठामपणे वाटतं. जो भाडं खात होता आणि जो रोज रात्री राबत होता, त्या दोघांना एकाच तराजूत तोलायला नको होतं. राबणाऱ्याला एकदा, फक्त एकदाच, त्याच्या नावावर परवाना करून द्यायला हवा होता, मग पुढे हवी तेवढी कडक अट लावा. नव्याने चालू होणारा नियम मागच्या वीस वर्षांच्या बंद दाराची शिक्षा त्याच दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला देतो तेव्हा तो न्याय राहत नाही.

भरती 2016 मध्ये झाली. लेखी अर्ज, आपली कल्पना मांडायची, मुलाखत, आणि जागांच्या कितीतरी पट लोक आले. निवडलेल्यांनी 2017 मध्ये धंदा सुरू केला. नवीन लोकांबरोबर नवीन पदार्थही आले, तेनजिनमध्ये एका फ्रेंच माणसाचा यताई सुरू झाला, तिथे बागेत नावाचा लांब फ्रेंच पाव आणि एस्कार्गो म्हणजे गोगलगायीसुद्धा मिळाल्या आणि तो चालला. जुन्या लोकांना हे रुचलं नाही, यताईवर ओदेन आणि रामेनच पाहिजे असं म्हणणारे खूप होते. पण यताईचा जन्मच बाहेरून आलेल्या माणसाने जे येतं ते शिजवून विकण्यातून झालाय, त्यामुळे ही तक्रार मला फारशी टिकणारी वाटत नाही. माझी शंका वेगळी आहे. अर्ज छान लिहिता येणं, कल्पना नीट मांडता येणं, मुलाखतीत बोलता येणं, हे एक कौशल्य आहे आणि रात्री एक वाजता दोन दारुड्यांमध्ये बसलेल्या एकट्या बाईला सुरक्षित वाटेल असा यताई चालवणं हे वेगळं. पहिलं असलेल्याकडे दुसरं असेलच असं नाही, आणि 1946 साली बोटीतून उतरलेल्या माणसाला तर हा अर्जही भरता आला नसता.

निकाल काय, तर घसरण थांबली. संख्या 100 च्या आसपास स्थिरावली, आणि मालकांचं वय खाली आलं, माझ्या मते हेच जास्त मोलाचं. मधे 2020 मध्ये कोरोना आला, एप्रिलमध्ये आणीबाणी जाहीर झाली त्या पहिल्या सात प्रांतांत फुकुओका होता, आणि खांद्याला खांदा लावून बसायचा हा धंदा त्या काळात चालणं शक्यच नव्हतं. तरुण ताइशो नसते तर त्यातून कितीजण परत उभे राहिले असते याबद्दल मला शंका आहे, कारण 70 वर्षांच्या माणसाने एकदा गाडी पार्किंगला लावली की ती परत काढायला कारण लागतं.

2023 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्या वर्षी जाण्यासारख्या 52 ठिकाणांच्या यादीत फुकुओकाला घेतलं, ते यताईसाठीच. गर्दी वाढली, परदेशी लोक वाढले, इंग्रजी आणि कोरियन मेनू आले. नाकासुला नदीकाठी आता रांगा लागतात. धंद्याला चांगलंच आहे, पण ऑफिस सुटल्यावर अर्धा तास बसून एक बिअर, दोन काड्या याकितोरी आणि शेवटी रामेन खाऊन घरी जाणारा माणूस रांगेत उभा राहत नाही, तो दुसरीकडे जातो. आठ बाकांची टपरी वाढवता येत नाही, माप कायद्याने ठरलेलं, त्यामुळे एक नवीन माणूस बसला की एक जुना उठतोच. जाणाऱ्यांनी एवढं तरी सांभाळावं, चारपेक्षा जास्त जणांचा घोळका घेऊन जाऊ नये, बसलं की प्रत्येकाने काहीतरी मागवावं, आणि खाऊन झालं की फोटो काढत बसू नये. संडासाला जायचं असेल तर आधीच जाऊन यावं, तिथे सोय नाही.

आणि आता नागाहामा, जिथे काएदामा रुजलं. इथले यताई एक एक करून बंद होत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, कारण तेनजिनसारखी ऑफिसं नाहीत, नाकासुसारखे बार नाहीत, आणि बाजारातल्या माणसांवर चालणारी ती वर्दळ कधीच गेली होती. महापालिकेने पुढच्या भरतीत मुद्दाम नागाहामासाठी जागा काढल्या आणि 2023 मध्ये तिथे परत नवीन यताई लागले. तेनजिनला कायद्याने चालत्या धंद्याला नवा मालक दिला, ते तुलनेने सोपं होतं. नागाहामाला मालक दिलाय, जागा दिलीय, नळही दिलाय, पण गिऱ्हाईक त्या मालकांनी स्वतः आणायचंय, तेही मुख्य रस्त्यापासून बाजूला. शनिवारी तिथे लोक जातायत. फेब्रुवारीतल्या मंगळवारी रात्री अकराला किती बाक भरतात, यावर तिथल्या परवान्यांचं पुढे काय होणार ते ठरेल.